एक कोयता, दोन समीकरणं : प्रकल्प नोंदी

१७ सप्टेंबर २०२४, अंबाजोगाई

मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन आटोपल्यावर मॅडमनी विभागात बसवून घेतलं आणि विषय पक्का केला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी नवरा-बायकोच्या परस्पर प्रभावाचं गणिती प्रतिमान (मॉडेल). वर्गातल्या बाकीच्यांनी साथीचे रोग, लोकसंख्यावाढ असे विषय घेतलेत. मला हा हवा होता, कारण यातल्या दोन्ही चलांना तोंड आहे. विचारलं तर ती उत्तर देतात.

मूळ काम अमेरिकेतलं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि गणिती जीवशास्त्रज्ञ जेम्स मरे यांनी सहकाऱ्यांसोबत ते केलं. पहिला मोठा निबंध १९९५ चा, सविस्तर मांडणी २००२ ची. जोडप्याला प्रयोगशाळेत समोरासमोर बसवायचं, ज्या गोष्टीवरून खटके उडतात ती काढायला सांगायची आणि पंधरा मिनिटं चित्रित करायची. मग प्रत्येकाच्या प्रत्येक बोलण्याला गुण द्यायचे: चांगल्याचे अधिक, टोचऱ्याचे उणे. तुच्छतेने बोलणं, टीका, बचावाचा पवित्रा हे उणे. दाद देणं, हसणं, ऐकून घेतल्याची खूण हे अधिक. वेळेनुसार दोन आकड्यांच्या माळा तयार होतात. मरे यांनी त्या माळांसाठी समीकरणं लिहिली.

२३ सप्टेंबर

समीकरणं वहीत स्वतःच्या खुणांनी उतरवली. प म्हणजे पत्नीची मनःस्थिती, न म्हणजे नवऱ्याची, क म्हणजे कितवी पायरी.

प(क+१) = अ + र × प(क) + फ(न(क))
न(क+१) = ब + स × न(क) + ग(प(क+१))

दुसऱ्या ओळीत पत्नीची क+१ वी पायरी आहे, कारण सुरुवात तिने केली असं धरलंय. आधी ती बोलते, मग तो.

उजव्या बाजूला तीन पदं आहेत. अ आणि ब हे ज्याचं त्याचं मूळ. र आणि स हे जडत्व, म्हणजे कालचा मूड आज किती उरतो ते. ते ० आणि १ च्या मध्ये. फ आणि ग हे जोडीदाराचा प्रभाव. समजा प्रभाव शून्य केला, दोघं जणू वेगवेगळ्या गावी राहतात, तर पत्नी जिथे स्थिरावते तो आकडा अ ÷ (१ − र). या एवढ्याशा अपूर्णांकावर मी आज बराच वेळ घालवला. मूळ अ लहान असलं तरी जडत्व मोठं असेल तर भागाकार फुगतो. रोजचं थोडंसं दुखणं, पण विसरणं सावकाश, असं असेल तर साचत जाणारी रास मोठी होते. हे मला भाषेत आधी माहीत होतं. भागाकारात पाहिल्यावर किती मोठी, तेही कळतं.

खरा जीव फ आणि ग मध्ये. ते सरळ रेषेचे धरले तर फारसं काही घडत नाही, एकच समतोल मिळतो. म्हणून मरे यांच्या गटाने दोन आकार तपासले. एकात उण्या बाजूचा उतार अधिक बाजूपेक्षा तीव्र. दुसऱ्यात उंबरठे: जोडीदार एका मर्यादेपर्यंत काहीही करो, फरक पडत नाही, मर्यादा ओलांडली की एकदम पडतो. मी दुसरा आकार घेतेय.

९ ऑक्टोबर

विदा (डेटा) कुठून आणायची यावर मॅडमशी चर्चा. माझ्या मनात होतं की ओळखीच्या घरांमध्ये पंधरा मिनिटांची संभाषणं रेकॉर्ड करावीत. मॅडम स्पष्ट नाही म्हणाल्या, आणि ते पटलं. आपल्याकडे घरात तिसरं माणूस असतंच. सासू ओट्यावर, पोरं दारात. त्या रेकॉर्डिंगचं पुढे गावात काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. तेव्हा विदा नाही. आकडे मी धरायचे, ते धरलेले आहेत हे ठिकठिकाणी लिहायचं आणि प्रतिमानाची वागणूक तपासायची. प्रश्न मात्र इथलाच हवा.

प्रश्न मावशीने दिला. ती केज तालुक्यातली. ती आणि काका दरवर्षी ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा करार माणसांशी होत नाही, कोयत्याशी होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणारा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. एक जण आजारी पडला तरी खाडा (गैरहजेरी) कोयत्याचा. गॉटमनच्या प्रयोगशाळेत दोन माणसं मोजली गेली. फडात दोघांचा मिळून एक आकडा लिहिला जातो. मला तो पुन्हा दोन करून पाहायचाय.

मावशीला पद्धत समजावून सांगितली: दोघांनी बोलायचं, प्रत्येक बोलण्याला गुण.

"पोरी, भांडायला बी टाइम लागतो," ती म्हणाली. "फडात आम्ही दिवसदिवस बोलत नाहीत. त्याचं काय मांडायलीस?"

याचं उत्तर सिअ‍ॅटलच्या पद्धतीत नाही. तिथे न बोललेला वेळ मोजमापातच येत नाही, आणि सपाट बोलणं शून्याजवळ पडतं. माझं मत असं की थकव्याची चुप्पी आणि रागाची चुप्पी हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोन्ही शून्य नाहीत. म्हणून माझ्या प्रतिमानात पायरी ही बोलण्याची नसेल. कारखान्याच्या बिलाचा हिशेब पंधरवड्याने होतो, तर एक पायरी म्हणजे एक पंधरवडा. आणि प, न हे बोलण्याचे गुण न राहता पंधरवडाभराची मनःस्थिती होतील.

१८ ऑक्टोबर

आकडे धरले. पत्नी: अ = ०.२, र = ०.६. नवरा: ब = ०.३, स = ०.४. एकेकटे सोडले तर दोघंही ०.५ वर स्थिरावतात. म्हणजे स्वभावाने कुणी वाईट नाही, दोघंही थोडे बऱ्या बाजूला.

उंबरठे दोघांसाठी ०.७५ आणि −०.७५. नवरा ०.७५ च्या वर असेल तर पत्नीला +०.२ मिळतात, −०.७५ च्या खाली गेला तर −०.८, मध्ये असेल तर काही नाही. उलट बाजूने पत्नीचा नवऱ्यावरचा प्रभाव +०.३, −०.९ आणि ०. उणे प्रभाव अधिकपेक्षा कितीतरी मोठा ठेवलाय. गॉटमनच्या निरीक्षणात टिकलेल्या संसारात भांडणाच्या वेळीसुद्धा एका उण्यामागे साधारण पाच अधिक आढळतात. उण्याचं वजन जास्त धरायला तेवढा आधार पुरे.

कागदावरच सोडवलं, संगणक नंतर. तीन स्थिर समतोल मिळाले:

दोघंही १ वर.
दोघंही ०.५ वर.
पत्नी −१.५, नवरा −१.

तिन्ही स्थिर आहेत, थोडा धक्का दिला तर गाडी परत त्याच जागी येते. माणसं तीच, स्वभाव तेच, एकमेकांवरचा प्रभाव तोच, आणि घरं तीन. कुठलं मिळेल हे सुरुवात कुठून झाली यावर ठरतं. "त्यांचं जमतच नाही, स्वभावच तसे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. या समीकरणांत स्वभाव तसूभरही न बदलता जमतं आणि मोडतंही.

५ नोव्हेंबर

भाऊबीज झाली आणि टोळ्या हलल्या. केजच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर कोपीचं (फडाजवळच्या झोपडीचं) सामान, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, पोरं. मावशी-काका यंदा सांगली जिल्ह्यात. धाकट्याला आजीपाशी ठेवलंय.

२६ नोव्हेंबर

भाराचं पद घातलं. दोन्ही समीकरणांतून दर पायरीला ल वजा. ल म्हणजे हंगाम: पहाटेपासूनची तोड, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणं, झोप कमी, आणि उचल फिटेपर्यंत मागे लागलेला मुकादम. सुरुवात सगळ्यात चांगल्या घरापासून, दोघंही १ वर. संध्याकाळी वीज गेली होती, त्यामुळे आधी हाताने काढलं, नंतर पायथनवर पडताळलं. आकडे जुळले.

ल = ०.०८ असेल तर दोघं थोडे खाली येतात, पण ०.७५ च्या वरच राहतात. हंगाम संपला की पुन्हा १ वर.

ल = ०.४ ला पत्नी −०.५ पर्यंत उतरते, नवरा जेमतेम शून्याखाली. हंगाम संपल्यावर दोघं ०.५ वर येऊन थांबतात. १ वर जात नाहीत. कुणी कुणाला काही वाईट केलेलं नाही, उण्याचा उंबरठा ओलांडलाच गेला नाही, तरी आधीचं घर परत मिळालेलं नाही.

ल = ०.६ ला पत्नीचे आकडे असे चालतात: ०.४, −०.१६, −०.५, −०.७, −०.८२. पाचव्या पायरीला −०.७५ चा उंबरठा ओलांडला. त्याच पायरीला नवऱ्यावर −०.९ चा घाव बसतो आणि तो −०.४६ वरून एकदम −१.३८ वर. तो खाली गेला म्हणून सहाव्या पायरीला तिच्यावर −०.८, आणि ती −१.६९. यानंतर भार काढून घेतला तरी दोघं वर येत नाहीत, −१.५ आणि −१ वर जाऊन बसतात.

हाच भार चौथ्या पायरीनंतर काढला तर? पाचव्या पायरीला ती −०.२२, आणि दोघंही हळूहळू ०.५ वर. चार पंधरवडे आणि पाच पंधरवडे यांत हा एवढा फरक. दोन महिन्यांच्या हंगामातून घर सावरतं आणि त्यावर पंधरा दिवस जास्त झाले की सावरत नाही. आकडे मी धरलेले आहेत, म्हणून "दोन महिने" या आकड्याला काही अर्थ नाही. पण असा एक पंधरवडा असतो, आणि तो बाहेरून इतर पंधरवड्यांसारखाच दिसतो, हे कुठलेही आकडे धरले तरी बदलत नाही. फक्त भार पुरेसा मोठा हवा. माझ्या आकड्यांत ०.५ च्या वर.

खरा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असायचा. अलीकडे काही वर्षं तो लवकर आटोपतो, पण कोयत्याला ते परवडत नाही, कारण उचल फिटत नाही. म्हणजे भाराची लांबी आणि भाराची उंची एकमेकांत अडकलेल्या आहेत. हे माझ्या प्रतिमानात नाही. पुढच्या कुणीतरी घालावं.

११ डिसेंबर

संदर्भवाचन. या कामावरून "कोणतं जोडपं घटस्फोट घेईल हे गणित सांगतं" अशा बातम्या खूप पसरल्या. २००१ मध्ये हेमन आणि स्लेप यांनी त्यावर नेमका आक्षेप घेतला: ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं तर अचूकता फुगून दिसते, नव्या जोडप्यांवर तपासलं की ती खूप घसरते. आक्षेप बरोबर आहे. माझ्या प्रकल्पात भाकीत नाही आणि प्रस्तावनेत ते ठळक लिहिणार.

१६ जानेवारी २०२५

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशांत तिळगूळ केला म्हणाली. मी विचारलं, दोघांचं काम सारखंच ना? ती एकेक सांगत गेली. पहाटे उठून पाणी आणणं, चूल, भाकरी, मग फडात दोघं बरोबर. तोडायला दोघं. मोळी बांधणं आणि डोक्यावर वाहणं बहुतेक तिच्याकडे. परत आल्यावर गाडी कधी येईल याची वाट काका झोपून बघतात, ती भांडी घासत बघते. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, मी विचारलं म्हणून सांगितलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामागे याच खाड्याची भीती होती असं तेव्हा अनेकींनी सांगितलं होतं.

तेव्हा ल एकच ठेवणं चूक आहे. दोन भार हवेत.

१९ जानेवारी

दोन भार घालून पाहिलं.

आधी ०.६ चा भार फक्त नवऱ्यावर. तो −०.५ वर जातो आणि तिथेच राहतो, उंबरठा ओलांडत नाही. पत्नी १ वरून ०.५ वर येते. हंगाम संपल्यावर दोघं ०.५ वर. घर टिकलं.

मग तोच ०.६ फक्त पत्नीवर, नवऱ्यावर शून्य. ती पाचव्या पायरीला −०.८२. नवऱ्यावर भार नसल्याने तो लगेच पडत नाही. सहाव्या पायरीला मात्र तो −०.७६ वर येऊन स्वतःचा उंबरठा ओलांडतो. सातव्या पायरीला ती −१.७. भार काढल्यावर पत्नी −१.५, नवरा −१. ज्याच्या अंगावर हंगामाचा एक कणही टाकला नव्हता तोही तळाला, आणि हंगाम संपल्यावरही तळालाच.

कारण त्या पहिल्या भागाकारात आहे. भार प्रत्येकाकडे १ ÷ (१ − जडत्व) पटीने साचतो. पत्नीकडे २.५ पट, नवऱ्याकडे सुमारे १.६७ पट. सारखं ओझं दोघांना सारखं लागत नाही, आणि जास्त साचतं त्याच्याकडून घर मोडायला सुरुवात होते.

१० फेब्रुवारी

दुरुस्तीचं पद. २००२ च्या मांडणीत गॉटमन-मरे यांनी ते घातलंय: परिस्थिती एका मर्यादेखाली गेली की एक जण ती सावरायला काहीतरी करतो, चहा पुढे करतो, विषय बदलतो, चूक कबूल करतो, आणि ते लागू पडलं तर मनःस्थिती वर ढकलली जाते.

तळाच्या घरातून, म्हणजे −१.५ आणि −१ वरून, बाहेर पडायला किती दुरुस्ती लागते? नवऱ्याने दर पायरीला स्वतःत ०.१५ पेक्षा थोडी जास्त भर घातली की पुरे. ०.२ घालून चालवलं: दुसऱ्या पायरीला तो −०.७२ वर येतो, तिच्यावरचा घाव थांबतो, तिसऱ्या पायरीला ती −०.७, त्याच्यावरचाही थांबतो. पुढे दोघं आपोआप ०.५ वर. हेच पत्नीने करायचं ठरवलं तर तिला ०.३ पेक्षा जास्त लागतात. दुप्पट. ज्याचं जडत्व कमी त्याला वर येणं स्वस्त पडतं, म्हणून दुरुस्ती त्याने सुरू केली तर घर कमी खर्चात उठतं. आपल्याकडे समजूत घालायचं काम सहसा कुणावर टाकलं जातं ते मी इथे लिहीत नाही, प्रबंधात लिहिणार आहे.

हंगाम चालू असताना, म्हणजे ल = ०.६ ठेवून, हाच हिशेब केला तर ०.१५ च्या जागी ०.७५. पाचपट. शिवाय एवढं करूनही फक्त नवरा उंबरठ्यावर येतो. पत्नीला भार −१ वर धरून ठेवतोच, त्यामुळे हात सोडला की पुन्हा खाली. फडात एकमेकांना सांभाळून घ्या असा उपदेश करणाऱ्यांना मी हा आकडा दाखवीन.

३ मार्च

मॅडमचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे: "र तू ०.६ धरलास आणि स ०.४. अदलाबदल केली तर सगळे निष्कर्ष उलटतील. मग तू काय सिद्ध केलंस?"

अदलाबदल करून पाहिली, मूळ आणि प्रभावही सोबत बदलून. अपेक्षेप्रमाणे सगळं उलटलं; नवऱ्यावरचा भार घर मोडतो, पत्नीवरचा मोडत नाही. बायका मुळात जास्त मनाला लावून घेतात असं माझं म्हणणं नव्हतंच, आणि हे गणित तसं म्हणतही नाही. ते म्हणतं की कुणाचं जडत्व जास्त हे आधी मोजा, दोघांचं वेगवेगळं मोजा. जडत्व म्हणजे नुसता स्वभावही नाही. ज्याला संध्याकाळी पारावर जाऊन बसता येतं त्याचा दिवस तिथे सांडतो. जिला कोपीतून कोपीतच जायचंय तिचा उद्यावर जातो. माहेरी दोन दिवस मिळाले, बिलातले चार पैसे स्वतःच्या हातात आले, तर र चा आकडा उतरू शकतो. ०.६ च्या जागी ०.५ करून चालवलं: ०.६ चा भार दोघांवर ठेवूनही पत्नी −०.८ वर. अजून उंबरठ्याखालीच. ०.४५ केलं तर सुमारे −०.७३, आणि घर पडत नाही.

मॅडम म्हणाल्या, "हे शेवटच्या प्रकरणात घाल, आणि र ला जडत्व म्हणण्याआधी हा परिच्छेद लिही."

२८ मार्च

टोळी परतली. उचल पूर्ण फिटलेली नाही, बाकी पुढच्या हंगामात वळती होणार. म्हणजे प्रतिमानात हंगाम संपल्यावर ल शून्य होतो, तसं इथे होत नाही. बाकीचा एक लहान ल उन्हाळाभर राहतो. तो ०.१ धरून ०.५ च्या घरावर चालवला: पत्नी ०.२५, नवरा ०.३३. पुढचा हंगाम तिथून सुरू केला, ०.६ चा भार, तर उंबरठा चौथ्या पंधरवड्याला ओलांडला जातो; १ वरून सुरू केलं होतं तेव्हा तो पाचव्याला ओलांडला होता.

हा तक्ता प्रकरण पाचमध्ये जाईल. छपाईला सोमवारी द्यायचंय.